घरांतील संगणकाची नाडीपरीक्षा

ताप हा रोग नव्हे, रोगाचें लक्षण होय, ही गोष्ट आतां घरोघरीं ठाऊक झाली आहे. अंग तापलें म्हणून शहाणा वैद्य लागलीच औषधाची पुडी बांधून देत नाहीं. ताप कोणत्या वेळीं चढतो, थंडी वाजून येतो कीं काय, किती तासांनीं उतरतो, हें विचारून तो मूळ व्याधीचा माग काढतो. परंतु घरांतील संगणक चालतां चालतां एकाएकीं बंद पडून पुन्हा आपोआप सुरू होऊं लागला, कीं सुशिक्षित घरांतूनही हा विवेक सुटतो. कोणी म्हणतो व्हायरस शिरला, कोणी म्हणतो यंत्र जुनें झालें, कोणी विकणाऱ्याला दोष देतो. आणि निदान होण्यापूर्वींच खर्च मात्र होऊन बसतो. वास्तविक संगणकाचें हें बंद-चालू होणें तापासारखेंच एक लक्षण आहे. आणि त्याच्या मुळाशीं जावयाचें तर पहिला प्रश्न ‘काय बिघडलें’ हा नसून ‘केव्हां बिघडतें’ हा असला पाहिजे.

खान्देशांत तर या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तापीच्या खोऱ्यांत वैशाखाच्या दिवसांत पारा ४४-४५ अंश सेल्सियसपर्यंत चढणें हें जळगांव-भुसावळच्या लोकांना नवलाचें राहिलेलें नाहीं. धुळ्याचा उन्हाळाही कांहीं सौम्य नव्हे. केळीच्या बागेला उष्ण वाऱ्याची झळ लागूं नये म्हणून येथील शेतकरी भोंवतीं शेवरीचा आडोसा उभा करतो. त्याच शेतकऱ्याच्या शहरांतील घरांत संगणक मात्र भिंतीला टेकवून, मेजाच्या बंद कप्प्यांत कोंडलेला आढळतो. केळीला जें कळतें तें यंत्राला कळत नसेल, अशी जणूं सर्वांची समजूत असते.

या विषयाचें मर्म ध्यानांत यावें म्हणून एका कुटुंबाची हकीकत सांगणें सोयीचें होईल. ती कोणा एकाची नव्हे. खान्देशांतील अनेक घरांत थोड्याफार फरकानें घडणाऱ्या गोष्टी येथें एका घराच्या नांवावर मांडल्या आहेत, इतकेंच. जळगांवांत एक निवृत्त शिक्षक राहतात. अहिराणी बोलींतील जुने शब्द गोळा करून त्यांचा संग्रह संगणकावर उतरवीत बसणें हा त्यांचा तीन वर्षांचा उद्योग. हें काम हौसेचें असलें तरी वेळेच्या हिशेबाचें आहे. कारण हे शब्द ज्यांच्या तोंडीं आहेत तीं माणसें पिकलीं पानें आहेत. असोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणीं घरच्या माणसांनीं वेळींच उतरून घेतलीं म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रासमोर आलीं. उतरून घेतलें तें टिकलें. राहिलें तें गेलें. ही जाणीव मनांत बाळगून गुरुजी रोज सात-आठ तास टंकन करीत. आणि त्यांचा संगणक मात्र दिवसाआड केव्हांतरी डोळे मिटून घेई. अर्ध्या तासाचें टंकन प्रत्येक खेपेस वाहून जाई, आणि खेड्यांतून टिपून आणलेला शब्द पुन्हा आठवेलच याचा नेम नसे.

घरांत प्रथम संशय आला तो व्हायरसचा. हा संशय अगदींच निराधार होता असें नाहीं. २००३ च्या ऑगस्टांत ‘ब्लास्टर’ नांवाचा एक कृमी जगभर पसरला, तेव्हां विंडोज एक्स्पीचे संगणक पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून बंद-चालू होत. तेव्हांपासून यंत्र बंद-चालू झालें कीं व्हायरस, असें एक समीकरणच लोकांच्या मनांत बसलें. परंतु त्या आठवणींतील महत्त्वाचा भाग लोक विसरले : ब्लास्टर पडद्यावर सूचना देत असे. गुरुजींचा संगणक कसलीही सूचना न देतां, दिवा विझावा तसा विझत होता. तथापि दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थानें विंडोजची प्रणाली पुसून नव्यानें घातली. महिन्यानें पुन्हा घातली. शेवटीं रॅमची पट्टीही बदलली. पैसे गेले, दुखणें राहिलें.

मग गुरुजींनीं यंत्राची पेटी, पडदा आणि कळफलक एवढेंच सामान गाडींत घातलें व तें धुळ्यास कन्येच्या घरीं नेलें. तेथें दहा दिवस राहून त्यांनीं काम केलें. आश्चर्य असें, कीं या दहा दिवसांत यंत्र एकदांही बंद पडलें नाहीं. “अप्पा, हवापालट मानवला याला,” असें कन्या हंसत म्हणाली. दोष आपोआप निघून गेला असें समजून गुरुजी परतले. आणि जळगांवीं दुसऱ्याच दिवशीं दुपारीं यंत्र पूर्ववत् बंद पडलें.

येथें बहुतेक माणसें निराश होतात. परंतु विचार केला तर हा निराशेचा नव्हे, आनंदाचा प्रसंग होता. एकच यंत्र, एकच प्रणाली, एकच काम. गांव बदललें कीं दोष नाहींसा होतो आणि गांवीं परततांच उद्भवतो. अर्थात् दोष प्रणालींत नव्हता, रॅममध्यें नव्हता, व्हायरसचा तर नव्हताच. कारण हीं सारीं यंत्राबरोबर धुळ्यास गेलीं होतीं. जें जळगांवीं मागें राहिलें होतें, त्यांत दोष शोधावयास हवा होता.

कन्या धुळ्याच्या एका रुग्णालयांत परिचारिका आहे. रोग्याच्या पायथ्याशीं तापाचा तक्ता टांगण्याची तिला संवय. तिनें वडिलांना दूरध्वनीवरून सांगितलें, “अप्पा, पंधरा दिवस कोणालाही बोलावूं नका. नुसता तक्ता ठेवा.” तक्त्याचीं चार घरें तिनेंच सांगितलीं. पहिल्यांत दिवस व वेळ. दुसऱ्यांत त्या वेळीं कोणतें काम चाललें होतें. तिसऱ्यांत यंत्र कसें गेलें, म्हणजे कांहीं अक्षरें दाखवून गेलें कीं एकदम, आणि लागलीच सुरू झालें कीं बंदच राहिलें. चौथ्यांत घरांत व गल्लींत त्या क्षणीं दुसरें काय चाललें होतें. एक पैसाही खर्च न होतां हें सर्व करतां येण्यासारखें होतें. गुरुजींनीं तें शाळेच्या हजेरीपटाप्रमाणें नेमानें केलें.

पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या, आणि त्या वाचतांच एक गोष्ट स्पष्ट झाली : दुखणें एक नसून दोन होतीं. सात नोंदी दुपारीं दोन ते चारच्या दरम्यानच्या होत्या. त्या वेळीं गुरुजी जुन्या वह्यांचीं छायाचित्रें संगणकावर उतरवीत असत, म्हणजे यंत्रावर भार अधिक असे. यंत्र एकदम बंद होई आणि दहा-पंधरा मिनिटें निवल्याखेरीज सुरू होत नसे. उरलेल्या चार नोंदी सकाळच्या होत्या. तेव्हां काम हलकें, हवा थंड. परंतु यंत्र क्षणभर विझून लागलीच पुन्हा सुरू होई. चौथ्या घरांत या चारही वेळीं एकच मजकूर होता : ‘नळाला पाणी आलें, मोटरी सुरू.’

दुपारच्या दुखण्याचें कारण उष्मा होय. संगणकाचा प्रोसेसर काम करतांना तापतो, आणि पंखा त्याची उष्णता खोलींतील हवेच्या हवालीं करतो. येथें एक साधें गणित आहे. पंखा कितीही चांगला असला तरी तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं. समजा, भर कामांत प्रोसेसर हवेपेक्षां ४५ अंशांनीं अधिक तापतो. माघ महिन्यांत खोली २२ अंशांवर असली तर तो ६७ अंशांवर राहील. वैशाखांत खोली ४० अंशांवर गेली कीं तो ८५ वर पोंचेल. त्यांतच पंख्याखालच्या धातूच्या पाकळ्यांत धूळ व कापसाचे तंतू गच्च बसून आणखी वीस अंशांची भर पडली, कीं आंकडा १०५ होतो. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची सहनशक्ति शंभर अंशांच्या आसपास संपते. त्या सीमेजवळ आल्यावर प्रोसेसर प्रथम आपली गति कमी करतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर स्वतः जळण्यापेक्षां यंत्र बंद करून घेतो. तेव्हां ही बंदी म्हणजे बिघाड नव्हे. तें यंत्राचें शहाणपण आहे.

गुरुजींच्या यंत्राची पेटी मेजाच्या कप्प्यांत होती, आणि कप्प्याला दार होतें. धुळ्यास ती उघड्या मेजावर, कूलरच्या वाऱ्यांत होती. शिवाय भर दुपारीं गुरुजी तेथें वामकुक्षी करीत. त्यामुळें धूळ तेवढीच असूनही दोष दिसला नाहीं.

सकाळच्या दुखण्याचें कारण अधिक चमत्कारिक आहे. खान्देशांतील शहरांतून नळाला रोज पाणी येतेंच असें नाहीं. तें आलें कीं साऱ्या गल्लींतील मोटरी एकदम सुरू होतात. सुरू होण्याच्या क्षणीं मोटर नेहमींच्या कितीतरी पट वीज ओढते, आणि तारांतील विजेचा दाब घसरतो. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट, त्यांत शेंकडा सहा अधिक-उणें, म्हणजे सुमारें २१६ ते २४४ व्होल्टच्या आंत असावा असा दंडक आहे. परंतु त्या क्षणापुरता तो याहून पुष्कळ खालीं जाऊं शकतो. गुरुजींच्या टिपणांत ‘दिवा मंदावला’ असे शब्द दोन ठिकाणीं आहेत, ते याचेंच प्रत्यंतर होत.

पण दिवा केवळ मंदावतो आणि संगणक मात्र विझतो, असें कां व्हावें? संगणकाच्या पेटींत एस. एम. पी. एस. नांवाचा एक भाग असतो. भिंतींतून येणाऱ्या विजेचें रूपांतर करून तो यंत्राला बारा, पांच अशा लहान दाबांची वीज पुरवितो. बारा व्होल्टची वीज ११.४ ते १२.६ च्या आंतच राहावी लागते. सर्व ठीक आहे अशी ग्वाही देणारा एक संकेत हा भाग यंत्राला अखंड देत असतो. भिंतींतील वीज पूर्णपणें गेली तर पूर्ण भारावर तो सुमारें एका सेकंदाचा साठावा हिस्सा तग धरतो. नंतर ग्वाही मागें घेतो, आणि यंत्र तत्काळ बंद होतें. तथापि वीज न जातां नुसती मंदावली, तर पुष्कळसे नवे एस. एम. पी. एस. शंभर व्होल्टपर्यंतही निभावून नेतात. मग गुरुजींचें यंत्र कां विझावें?

याचें उत्तर मेजाखालच्या यू. पी. एस. मध्यें होतें. वीज गेल्यास आधार असावा म्हणून पांच वर्षांपूर्वीं घेतलेलें हें उपकरण जळगांवींच राहिलें होतें. धुळ्यास यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटला जोडलेलें होतें. विजेचा दाब फार उतरला, कीं यू. पी. एस. भिंतीचा संबंध तोडून संगणकाचा भार आपल्या बॅटरीवर घेतें. बॅटरी मेलेली असेल तर संगणक ना इकडचा ना तिकडचा होतो. म्हणजे जो दाबाचा उतार यंत्रानें एकट्यानें सोसला असता, तो रक्षकाच्या मध्यस्थीमुळें त्याच्या जिवावर बेतत होता! आणि बॅटरी मरण्याचें कारण पुन्हा उष्माच. या बंद शिशाच्या बॅटऱ्या २५ अंशांच्या हवेंत तीन ते पांच वर्षें टिकतात. त्यापुढें तापमान सुमारें दहा अंशांनीं वाढलें, कीं त्यांचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पुण्या-नाशकाचा हिशेब धरून घेतलेली बॅटरी जळगांवच्या बंद कप्प्यांत तितके दिवस टिकावी, ही अपेक्षाच चुकीची होती.

दोन दुखणीं एकत्र असलीं म्हणजे कसा घोंटाळा होतो, हें यावरून दिसून येईल. पेटी साफ केली असती तरी पाण्याच्या दिवशीं यंत्र विझलें असतें, आणि ‘सफाईचा उपयोग नाहीं’ असा निष्कर्ष निघाला असता. बॅटरी बदलली असती तरी दुपारीं यंत्र बंद पडलें असतें, आणि बॅटरीचा दुकानदार लबाड ठरला असता. तक्त्यामुळें दोन्ही वेगळीं झालीं.

आतां उपायांचा क्रम. स्वस्तापासून महागाकडे जावें आणि एका वेळीं एकच बदल करावा, हे दोन नियम सर्वांत मोठे. प्रथम पेटी बंद कप्प्यांतून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. मात्र कूलरचा दमट झोत थेट तिच्यावर येऊं देऊं नये. नंतर वीज बंद करून, तार काढून, पंख्यांवरील व पाकळ्यांतील धूळ मऊ कुंचल्यानें व हवेच्या झोतानें काढावी. झोत मारतांना पंखा बोटानें धरून ठेवावा, नाहींतर तो भलत्या वेगानें फिरून बिघडतो. एस. एम. पी. एस. ची डबी मात्र कोणीही घरीं उघडूं नये. वीज काढल्यावरही आंत प्राणघातक भार साठलेला राहूं शकतो. सफाई करूनही यंत्र तापत असेल तर प्रोसेसर व पाकळ्या यांमधील थर्मल पेस्ट वाळली असण्याचा संभव असतो. ती जाणकाराकडून बदलून घ्यावी.

यू. पी. एस. ची परीक्षा संगणक जोडून करूं नये. त्याला शंभर वॅटचा तारेचा दिवा जोडावा आणि भिंतीवरील बटण बंद करावें. दिवा पांच-दहा मिनिटें जळत राहिला तर बॅटरी ठीक. लागलीच विझला तर ती बदलावी. त्याच वेळीं परवानाधारक तंत्रज्ञाकडून अर्थिंगही तपासून घ्यावें. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. पेटीला हात लावतां झिणझिण्या येत असतील तर ही तपासणी एक दिवसही लांबणीवर टाकूं नये.

तक्त्याच्या तिसऱ्या घरांत याहून वेगळी नोंद आली, म्हणजे जाण्यापूर्वीं यंत्रानें निळा अथवा काळा पडदा व कांहीं अक्षरें दाखविलीं, तर तपासाची दिशा बदलते. तीं अक्षरें वाचण्याइतका वेळ मिळावा म्हणून विंडोजच्या प्रगत सेटिंगांत ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या ठिकाणीं ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ ही खूण काढून टाकावी. मग पडदा तसाच राहतो व संकेतशब्द उतरून घेतां येतो. असे दोष बहुधा रॅमचे अथवा ड्रायव्हर नांवाच्या साहाय्यक प्रणालींचे असतात. रॅमसाठीं विंडोजमध्येंच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणी आहे; दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून पाहणें हाही जुना व खात्रीचा मार्ग होय. सदोष साहाय्यक प्रणाली काय करूं शकते, हें १९ जुलै २०२४ रोजीं जगानें पाहिलें : क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका चुकीच्या अद्ययावत फाइलीमुळें सुमारें ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले, आणि भारतांतील कांहीं विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’ मध्यें ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पाहून पुष्कळजण एस. एम. पी. एस. बदलण्यास धांवतात. ती नोंद एवढेंच सांगते, कीं मागील खेपेस यंत्र रीतसर बंद झालें नव्हतें. कां, तें ती सांगत नाहीं. मृत्यूची तारीख म्हणजे मृत्यूचें कारण नव्हे. तसेंच यंत्र केवळ रात्रीं, कोणी काम करीत नसतांना बंद-चालू होत असेल, तर तें विंडोजचें नेहमींचें अद्ययावतीकरण असण्याचा संभव अधिक. त्यास दुखणें समजूं नये.

या सर्व उपायांच्याही आधीं करावयाची एक गोष्ट आहे, आणि ती यंत्राच्या नव्हे, धन्याच्या रक्षणाची आहे. दुखणें सुरू झाल्याचें कळतांच आपल्या कामाची प्रत दुसऱ्या ठिकाणीं काढून ठेवावी. वारंवार अवेळीं बंद पडणाऱ्या यंत्रांत लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहून नासूं शकते, आणि नवी प्रणाली घालणारा गृहस्थ घाईंत जुनें सारें पुसूनही टाकूं शकतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून जमविलेली कागदपत्रें त्यांच्या पश्चात् धुळ्यास त्यांच्याच नांवाच्या संशोधन मंडळांत जतन झालीं, म्हणून आज अभ्यासकांच्या उपयोगीं पडतात. गोळा करणें आणि सांभाळणें हीं दोन वेगळीं कामें आहेत, हें त्या शहराला ठाऊक आहे.

गुरुजींना एकंदर खर्च आला तो एका बॅटरीचा. मेजाच्या कप्प्याचें दार त्यांनीं काढून टाकलें, पेटी स्वच्छ केली, आणि दुपारचें छायाचित्रांचें काम पहाटेवर नेलें. तक्ता मात्र अद्याप मेजाशेजारीं टांगलेला आहे. त्याच्यावर महिनेच्या महिने नोंद नाहीं. पहिल्या तारखेस शब्दसंग्रहाची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून ते कन्येकडे पाठवितात, आणि ती आपल्या कपाटांतील जुनी प्रत काढून परत करते. जळगांवचें यंत्र उद्यां कायमचें मिटलें, तरी अहिराणीचे ते शब्द धुळ्यास सुखरूप असतील.